२ नंबरच्या भिंतीवरचा डाग आणि बाकीची कामं

२ मे

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. आमची भाड्याने दिलेली तीन घरं, एकाच बिल्डिंगमध्ये एकावर एक, म्हणून आम्ही घरात त्यांना १ नंबर, २ नंबर, ३ नंबर म्हणतो. बाबा सांभाळायचे तेव्हा सगळं त्यांच्या डोक्यात असायचं, कुठला व्हॉल्व कुठे, कुठली किल्ली थोडी वर उचलून फिरवायची, कोणाचं ॲग्रीमेंट कधी संपतंय. गेल्या वर्षी त्यांनी हे सगळं माझ्यावर सोपवलं पण डोकं काही सोपवता येत नाही ना. काल विचारलं की ३ नंबरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी केलं होतं, तर म्हणाले, "झालं असेल की, दहाएक वर्षं." आधी का नंतर, कोणी केलं, बिल कुठे, काही नाही.

म्हणून ही फाईल. तारीख, घर, काय झालं, काय केलं. एवढंच.

५ मे

भाडं. १ आणि ३ चं आलं, २ चं नाही. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढलं तर २ नंबरवाले दर वेळी ७ किंवा ८ तारखेला देतात, त्यांचा पगार ७ ला होतो बहुतेक. ॲग्रीमेंटमध्ये ५ तारीख आणि मी दर महिन्याला ६ ला "भाडं राहिलंय" असा मेसेज टाकते, ते ७ ला देतात, आणि दोघांचाही मूड उगाच जातो. तारीखच ८ करून टाकली, मेसेजवर त्यांचा होकार घेतला आणि तो स्क्रीनशॉट ॲग्रीमेंटच्या फोल्डरमध्ये. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी वर्षभर कुढत होते.

९ मे

२ नंबरवाल्यांचा फोन, "ताई, बेडरूमच्या भिंतीला ओल दिसतेय, कपाटाच्या मागे."

संध्याकाळी जाऊन बघितलं. छताच्या खाली साधारण हातभर अंतरावर डाग, ४२ सेंटिमीटर रुंद आणि १८ उंच. रंगाला बारीक फुगे आलेत, बोट लावलं तर एक पापुद्रा निघून आला. कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेलं, खोलीत दोरीवर कपडे वाळत घातलेले, खिडकी बंद. मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी, की हवेतला दमटपणा आहे हा. धुतलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून खोलीच्या हवेत सहज दोनेक लिटर पाणी जातं, ते थंड भिंतीवर बसतं, आणि कपाटामागे वारा खेळत नाही म्हणून तिथेच साठतं. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, वर "खिडकी उघडी ठेवत जा" असंही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. त्यांची मिसेस म्हणाली की खिडकी सकाळभर उघडीच असते. मी ते ऐकलं पण घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र केली, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला ९/५ लिहिलं.

१३ मे

रात्री सव्वाअकराला ३ नंबरच्या काकूंचा फोन. घरातली सगळी लाईट जातेय, मोठा स्विच वर केला की येते आणि पाच-दहा मिनिटांनी परत जाते. चार दिवस होतंय म्हणे. चार दिवस का नाही सांगितलं तर "तुम्हाला कशाला त्रास." हे भाडेकरूंचं मला कळत नाही, नळाचं हँडल सैल झालं तर रात्री दहाला फोटो येतो आणि वीज सारखी जातेय ते चार दिवस पोटात ठेवतात. त्यांच्या भाच्याने तर "तो मोठा स्विच बायपास करून टाकू" असंही सुचवलं होतं. नशीब केलं नाही.

त्यांना फोनवरच सांगितलं की गिझर बंद ठेवा आणि बघा. रात्रभर लाईट गेली नाही.

१४ मे

इलेक्ट्रिशियनसोबत गेले. लिहून ठेवते कारण हे पुन्हा लागणार. डीबीमध्ये, म्हणजे घराच्या विजेच्या मुख्य बोर्डात, छोटे छोटे स्विच असतात ते एमसीबी, ते लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतात. ज्याला टेस्टचं बटण असतं तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे मधे कुठेतरी गळला, तर तो पडतो. घरात ३० मिलीॲम्पचा असतो, माणसाला झटका बसला तर जीव वाचावा म्हणून. शोधायची पद्धत सोपी आहे, सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. गिझरचा वर केला, सात मिनिटं काही नाही, पाणी तापायला लागलं आणि टप्.

गिझरचं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी नळी, बाहेर काढलं तर त्यावर अंड्याच्या कवचासारखा पांढरा क्षाराचा थर, बोटभर जाड, आणि एका जागी नळीला बारीक तडा. तापलं की तडा उघडतो, पाणी आत जातं, करंट गळतो. नवीन एलिमेंट, नवीन गॅस्केट, आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड पण बदलला, तो झिजून नुसती तार राहिली होती. हा रॉड टाकीच्या ऐवजी स्वतः गंजून घेतो, तो संपला की मग टाकीची पाळी. थर्मोस्टॅट ६० अंशांवर.

या आधी कोणीतरी काकूंना "१०० मिलीॲम्पचा टाका म्हणजे पडणार नाही" असा सल्ला दिला होता. हो, पडणार नाहीच. माणूस पडेल.

तिन्ही घरांत आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याच्या १ तारखेला दाबायचं असं सगळ्यांना मेसेज करून सांगितलं. आणि फोनचं पण ठरवून टाकलं, पाणी वाहतंय, वीज, गॅसचा वास, कुलूप अडकलं, या चार गोष्टींना रात्री दोनला पण फोन करा. बाकी सगळं मेसेजवर, दुसऱ्या दिवशी बघीन.

२२ मे

१ नंबरवाले ३१ ला सोडतायत, नोटीस महिनाभर आधी दिली होती त्यांनी, नियमाने. चार वर्षं राहिले. मी त्यांच्या आत यायच्या वेळचे फोटो शोधतेय, सहा सापडले. सहाही हॉलचे, त्यातले दोन हललेले, एकात माझा अंगठा.

३१ मे

१ नंबरचा ताबा घेतला. घर झाडूनपुसून दिलं होतं, हे आधी लिहिते कारण पुढे तक्रारीच आहेत.

हॉलच्या भिंतीला टीव्हीच्या स्टँडची आठ भोकं. आतल्या खोलीत खाली कंबरेएवढ्या उंचीपर्यंत मुलाने मेणाच्या खडूंनी काढलेली गाड्यांची रांग, रंगाच्या वर रंग, पुसून जाणार नाही. वॉशबेसिनला तडा. दोनातली एक किल्ली गायब. किचनचा नळ ठिबकतोय.

बेसिनवरून थोडं वाजलं. ते म्हणाले आम्ही आलो तेव्हापासून आहे तडा. मला तरी आठवत नाही असा तडा. पण "मला आठवत नाही" हा काही पुरावा नाही, आणि सहा फोटोंत बाथरूम नाहीच. सोडून दिलं. त्यांचं खरं असेलही.

रंगाचं मात्र मी सरळ पूर्ण खोलीचा खर्च डिपॉझिटमधून कापणार होते. घरी येऊन हिशोब मांडला तर तसं होत नाही. रंग पाच वर्षं टिकतो धरलं तर चार वर्षं त्यांनी भाडं देऊन वापरलाच की, माझं नुकसान फक्त उरलेल्या एका वर्षाचं, म्हणजे २०%. खडूची चित्रं नसती तरी मी यंदा रंग लावून घेणारच होते. भोकं बुजवायचा खर्च पूर्ण, किल्ली हरवली म्हणून कुलपाचा सिलिंडर पूर्ण (तसाही भाडेकरू बदलला की मी तो बदलते, पण या वेळी निमित्त त्यांचं), रंगाचे २०%. प्रत्येक ओळीसमोर बिलाचा फोटो लावून पाठवलं आणि बाकीचं डिपॉझिट दोन दिवसांत परत. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे ताई, बरोबर आहे." भांडायच्या तयारीने बसले होते, त्यामुळे जरा रिकामं रिकामं वाटलं.

१ जून

किचनच्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवून बसले. ५० मिनिटांत भरली. म्हणजे दिवसाला जवळजवळ २९ लिटर, महिन्याला ८५० च्या वर, आणि कारण काय तर नखाएवढा रबरी वायसर. बदलला. जुना हातात घेतला तर मधोमध गोल खाच पडलेली, लोक नळ घट्ट घट्ट पिळतात त्याची. बंद होत नाही म्हणून अजून पिळतात आणि अजून खाच पडते.

३ जून

२ नंबर. डाग पेन्सिलच्या बाहेर गेलाय. ५५ बाय २६. नवीन रेघ, ३/६. खालच्या कडेला पांढरी भुकटी धरलीय, लोणा.

आज न सांगता गेले होते, बिल्डिंगमध्ये होतेच म्हणून बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला आणि त्यांच्या मिसेसचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं, घरात पसारा होता आणि त्यांना तो मला दाखवायचा नव्हता. घर माझं असलं तरी ते राहतात तिथे. यापुढे एक दिवस आधी मेसेज, आणि त्यांनी वेळ सांगायची. पाणी वाहत असेल तर गोष्ट वेगळी.

त्यात खिडकी उघडी होती. कपडे बाहेर वाळत होते. कपाट त्यांनी भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढलेलं. मी सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं आणि डाग वाढलाच होता.

ॲल्युमिनियम फॉइलचा एक चौकोन, साधारण फूटभर, डागावर लावला, चारही बाजूंनी टेप. ४८ तास हात लावायचा नाही. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवेतला दमटपणा. भिंतीकडच्या बाजूला आलं तर पाणी भिंतीतूनच येतंय. ही टेस्ट मला ९ मे लाच माहीत होती.

५ जून

फॉइल काढली. बाहेरून कोरडीठाक. आतून थेंब, फॉइल तिरपी केली तर ओघळले.

मेसेज टाईप केला, खोडला, परत टाईप केला. शेवटी एवढाच पाठवला, "भिंतीतून येतंय. तुमच्या कपड्यांचा काही संबंध नाही. शोधते." अंगठा आला.

८ जून

मधेच १ नंबरचं, कारण घर रिकामं आहे आणि रिकाम्या घराचा मीटर पडतोय. एक महिना रिकामं म्हणजे वर्षाच्या भाड्याचे ८.३३% गेले, आणि पुढच्या ११ महिन्यांत ते भरून काढायचे तर भाडं ९% वाढवून मिळायला हवं. आज दोन पार्ट्या आल्या. पहिल्याने दारातूनच विचारलं शेवटचं किती. दुसरं जोडपं, त्यातल्या मुलीने काही न विचारता बाथरूमचा नळ सोडला, त्याच वेळी किचनचा सोडला, दोन्ही एकदम किती जोरात येतात ते बघितलं, फ्लश ओढला, खिडकीत जाऊन फोनची रेंज बघितली. मला ती तिथेच आवडली. जी बाई घ्यायच्या आधी नळ सोडून बघते ती पुढे नळ गळला तर पहिल्या दिवशी सांगेल, हा माझा अंदाज, चुकला तर इथे लिहीन.

ते ४% कमी म्हणतायत. ४% म्हणजे वर्षाला साधारण १५ दिवसांचं भाडं. पूर्ण भाडं देणारा कोणी १५ दिवसांच्या आत मिळाला तरच थांबण्यात अर्थ. हो म्हणून टाकलं, १ जुलैपासून. त्यांच्या आताच्या घरमालकाशी बोलणं करून द्या म्हटलं, लगेच नंबर दिला. नोकरीची कागदपत्रं, ओळखपत्रं पण उद्या देतायत.

घरात शिरताच गटाराचा वास येत होता, पाहुण्यांसमोर. बरेच दिवस कोणी पाणी वापरलं नाही तर जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. ते दोनेक इंच पाणी असतं तेच गटाराची हवा अडवत असतं. बादलीभर पाणी ओतलं आणि वर दोन चमचे तेल, तेलाचा थर वर राहतो म्हणजे लवकर उडत नाही. वास तासाभरात गेला.

१० जून

ओलीचा शोध. डाग २ नंबरच्या बेडरूममध्ये, भिंतीपलीकडे त्यांचंच बाथरूम, पण डाग टाइल्सच्या वर आहे आणि त्यांच्या पाइपा खाली आहेत. त्याच्या बरोबर वर येतं ३ नंबरचं बाथरूम.

आधी प्रेशरच्या लाइन. ३ नंबरमधले सगळे नळ बंद, गिझर बंद, फ्लशच्या टाकीचा कॉक पण बंद, मीटरचा आकडा लिहिला, तासभर काकूंकडे बसले. काटा जागचा हलला नाही. मग २ नंबरलाही तेच, तिथेही नाही. म्हणजे सतत दाबाखाली असलेल्या पाइपात गळती नाही. राहिलं सांडपाणी आणि फरशी, जे फक्त वापरलं की गळतं.

फ्लशच्या टाकीत शाईचे थेंब टाकून अर्धा तास बघितलं, भांड्यात रंग उतरला नाही, टाकीचा व्हॉल्व ठीक.

१२ जून

काल सकाळी काकूंच्या परवानगीने त्यांच्या बाथरूममध्ये पाणी साठवलं. ट्रॅपच्या आत खोल बोळा कोंबून बंद केला, उंबऱ्याशी छोटा बांध घातला, ३ सेंटिमीटर पाणी. बाथरूम १.२ बाय २ मीटर, म्हणजे ७२ लिटर. भिंतीला पट्टीची खूण. आणि शेजारी एक उथळ टब, त्यात पण पाणी आणि खूण. हा टब मला फार आवडतो, कारण पाणी उडून पण कमी होतं आणि मग लोक भांडतात की गळलं नाही, वाळलं. टबातलं जेवढं उतरेल तेवढं वाळलं, वरचं सगळं गळलं.

२४ तासांनी टब १ मिलिमीटर उतरला. फरशी ६. फरक ५ मिलिमीटर, गुणिले २.४ चौरस मीटर, १२ लिटर. एका दिवसात १२ लिटर पाणी माझ्याच वरच्या घरातून माझ्याच खालच्या घराच्या भिंतीत.

आणि मी २ नंबरवाल्यांना खिडकी उघडायला सांगत होते.

१५ जून

प्लंबरने ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढल्या. टाइल काढताना आवाज पोकळ येत होता, खालचा माल भुसभुशीत, काळा, ओला. ट्रॅपचा कॉलर आणि स्लॅब यांच्यात फट, पोस्टकार्ड जाईल एवढी, अर्ध्या वर्तुळभर. "मॅडम, हे वॉटरप्रूफिंग वरवर केलेलं दिसतंय, ट्रॅपला गुंडाळलंच नाही." कोणी केलं होतं ते बाबांना आठवत नाही हे वर लिहिलंच आहे. त्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "स्वस्तात केलं होतं वाटतं." बस एवढंच.

काकूंना एकच बाथरूम. आठवडाभर काय करायचं हा खरा प्रश्न होता, आणि १ नंबर रिकामं आहे ही त्यातली एकमेव चांगली गोष्ट. किल्ली देऊन टाकली. काका दोन मजले उतरून अंघोळीला जातात टॉवेल खांद्यावर टाकून, म्हणाले लग्नघरात राहिल्यासारखं वाटतंय. या आठवड्याचं भाडं मी त्यांच्याकडून घेणार नाही, त्यांनी मागितलं नव्हतं. आणि १ नंबरच्या ट्रॅपलाही पाणी मिळतंय.

१८ जून

फट साफ करून न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. मग कोटिंग, पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यात आणि ट्रॅपच्या भोवती जाळीची पट्टी, भिंतीवर फूटभर वरपर्यंत. प्लंबरला आजच टाइल बसवायच्या होत्या, पुढचं काम घेतलंय त्याने. मी नाही म्हटलं. टाइल बसवल्यावर टेस्ट करायची म्हणजे नापास झालो की परत फोडा. त्याने तोंड वाकडं केलं पण थांबला, त्याचे दिवसाचे पैसे दिले.

२१ जून

४८ तास पाणी साठवून झालं. टब २ मिलिमीटर, फरशी २ मिलिमीटर.

काकू पण बघायला आल्या होत्या, दोघी वाकून पट्टीकडे बघत होतो.

२३ जून

टाइल्स बसल्या, उद्यापासून बाथरूम सुरू. बिल, कोटिंगच्या डब्याचा फोटो, फटीचा फोटो, टेस्टचे आकडे, सगळं ३ नंबरच्या फोल्डरमध्ये. दहा वर्षांनी कोणी विचारलं तर दाखवता येईल.

२५ जून

२ नंबरला जाऊन बसले. आदल्या दिवशी मेसेज करून. सांगितलं की चूक माझी, गळती माझ्या वरच्या घरातली, आणि मी न तपासता तुमच्यावर ढकललं. ते म्हणाले, "असू दे ताई, होतं." त्यांची मिसेस तेवढं सहज म्हणाली नाही. म्हणाली की तिने महिनाभर मुलीचे कपडे पावसात बाहेर वाळवले, दोनदा ओले घालून पाठवायची वेळ आली, कारण तुम्ही सांगितलं होतं. यावर काय बोलणार.

त्या खोलीचा दोन महिने नीट उपयोग झाला नाही, म्हणून दोन महिने १०% कमी भाडं. कपाटाच्या मागच्या प्लायला बुरशी आलीय, ते मी बदलून देणार. मग चहाला थांबा म्हणाली.

१ जुलै

१ नंबरचा ताबा दिला. या वेळी ७४ फोटो आणि २२ मिनिटांचा व्हिडिओ. दिवसाच्या उजेडात, आधी पूर्ण भिंत मग जवळून, आणि ओरखडा असेल तिथे बाजूला मोजपट्टी धरून, नाहीतर फोटोत केस आणि भेग सारखीच दिसते. प्रत्येक नळ सोडून, प्रत्येक स्विच दाबून, फ्लश ओढून, पाणी आणि विजेच्या मीटरचे आकडे कॅमेऱ्यात. बेसिनचा तडा पण घेतला, "हा आधीपासून आहे" असं मी मोठ्याने व्हिडिओत बोलले. नवीन मुलगी हसली. यादीवर दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांना. किल्ल्यांवर घराचा नंबर लिहायचा नाही, हरवली तर सापडणाऱ्याला पत्ता मिळतो, म्हणून रंगीत दोरे, हिरवा म्हणजे १.

बेसिनच्या कडेचं सिलिकॉन सकाळी केलं होतं, जुनं पूर्ण खरवडून, कारण जुन्यावर नवीन चिकटत नाही. उद्या सकाळपर्यंत तिथे पाणी नको असं सांगितलं. संध्याकाळी तिचा मेसेज, "किचनच्या सिंकखाली एक थेंब दिसला, पाइपाचं नट हाताने आवळलं, थांबला. फक्त सांगून ठेवते." अंदाज चुकला नाही.

१९ जुलै

२ नंबर. डाग वाढला नाहीये. ३/६ च्या रेघेच्या आत आलाय, वरून सुकायला लागलाय. तिसरी रेघ आतल्या बाजूने, १९/७. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला. ओल्या फडक्याने पुसायचा नाही, तो विरघळून परत आत जातो.

१६ ऑगस्ट

पेंटर आला होता. "आज प्रायमर मारतो, उद्या रंग, परवा मोकळे." वरून भिंत कोरडी लागतेय खरी, पण परत फॉइल लावून बघितली होती, आतून अजून धुकं धरतंय. ओली भिंत महिन्याला साधारण इंचभर सुकते असा ढोबळ हिशोब आहे, ही ४ इंची भिंत, गळती थांबली जूनच्या मध्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तरी नाही. आता रंग मारला तर आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येणार आणि दोन महिन्यांत रंगाचे पोपडे. पेंटरला म्हटलं नोव्हेंबरात या. तो म्हणाला नोव्हेंबरात मी बिझी असतो. बघू.

पेंटर गेल्यावर माझं लक्ष गेलं. माझ्या तीन रेघा, एकात एक, आणि त्यांच्या मुलीने सगळ्यात बाहेरच्या रेघेला शेपूट जोडलीय, एका टोकाला डोळा काढलाय, वरून पाण्याचा फवारा. देवमासा. ९/५ आणि १९/७ त्याच्या पोटात आलेत. पेन्सिल नाही, मेणाचा खडू. तिची आई घाईघाईने म्हणाली, ताई सॉरी, मी पुसते, डिपॉझिटमधून घ्या हवं तर.

फोटो काढला, २ नंबरच्या फोल्डरमध्ये टाकला. नोंद: बेडरूम, भिंतीवर देवमासा, नोव्हेंबरपर्यंत. कापायचं नाही, अर्धा मीच काढलाय.